शिकारीचं धनुष्य, ५० मीटरचं लक्ष्य: ॲरो रेस्टच्या निवडीचं नागपुरातलं एक प्रकरण

मामाने अमेरिकेतून कंपाउंड, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, धनुष्य आणलं. नागपुरातल्या भाच्याने त्यावर ५० मीटरचा सराव सुरू केला आणि थोड्याच दिवसांत बाण वर-खाली फाकू लागले. असं धनुष्य हाती आलेल्या बहुतेक मुलांपुढे हा प्रसंग येतो. घरच्यांना वाटतं की धनुष्य महागाचं आहे, म्हणजे चूक पोराचीच असणार. पोराला वाटतं नेम धरायची साइट हलली असेल. धनुष्याच्या मधोमध, बाण जिथे टेकतो, तो तळहाताएवढा भाग, म्हणजे ॲरो रेस्ट, मात्र कोणी तपासत नाही. या प्रकरणात दोष मुख्यतः तिथेच सापडला. तो कसा शोधला, कोणते पर्याय पुढे होते, त्यातला एक का निवडला आणि बसवताना काय काय बिघडलं, ते इथे तपशिलाने मांडलं आहे.

धनुष्य आणि खेळाडू

खेळाडू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उजव्या हाताचा आहे आणि त्याची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढण्याची लांबी, २८.५ इंच आहे. आधी दोन वर्षं रिकर्व्ह (बिनचाकांचं धनुष्य) केल्यामुळे उभं राहणं, अँकर (ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवण्याची जागा) आणि श्वास या गोष्टी जागेवर होत्या. रिलीज, म्हणजे प्रत्यंचा सोडायचं हातातलं साधन, मात्र नवा होता. धनुष्य अस्सल शिकारीचं होतं: ॲक्सल ते ॲक्सल (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ३१ इंच, ब्रेस हाइट (मुठीपासून प्रत्यंचेपर्यंतचं अंतर) साडेसहा इंच, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा ताण) ८० टक्के आणि ६० ते ७० पाउंडांचे स्प्लिट लिम्ब, म्हणजे मधे फट असलेले धनुष्याचे लवचीक हात. त्यावर ब्रशवाला गोल रेस्ट बसवलेला होता. मैदानावर सगळे त्याला 'बिस्किट' म्हणतात. सोबत सहा बाण होते. शाफ्ट (बाणाचा दांडा) साडेसात मिलिमीटर जाड, स्पाइन (दांड्याच्या ताठपणाचा आकडा) ३४०, पंख चार इंची आणि पुढे धारदार शिकारी पाती.

पाती पहिल्याच दिवशी काढून टाकली. ती बाण अडवणाऱ्या फोमच्या बटचा चुरा करतात, आणि आपल्याकडे त्यांना काही कामही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. नागपूरकरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण रविवारी सकाळी सराव आणि दुपारी तसंच उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचला जाण्याचा बेत इथे सहज ठरतो. धनुष्य आधी घरी ठेवायचं, मग सफारीला निघायचं.

दुसरी तपासणी वजनाची. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमाने कंपाउंडचं कमाल ड्रॉ वेट, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, ६० पाउंड आहे. शिकारी धनुष्यं बहुधा त्याच्या वर असतात, आणि स्पर्धेच्या तपासणीच्या टेबलावर पोहोचेपर्यंत कोणाच्या ते लक्षात येत नाही. सामान तोलायच्या लटकत्या डिजिटल काट्याने ओढल्यावर हे धनुष्य ३०.४ किलो भरलं, म्हणजे ६७ पाउंड. दोन्ही लिम्ब बोल्ट सारखेच, साडेतीन-साडेतीन फेरे सैल केले. काटा २६.५ किलोवर आला, म्हणजे ५८.४ पाउंड. माहितीपुस्तिकेत जेवढे फेरे दिलेले असतात त्यापलीकडे बोल्ट कधीही सोडू नये. आट्यांची पकड कमी पडली तर लिम्ब सुटून तोंडावर येऊ शकतो. आणि वजनाचं हे काम रेस्टच्या आधीच उरकायचं. वजन बदललं की लिम्बची वाकण्याची मर्यादा बदलते, पीपची (प्रत्यंचेत बसवलेलं, नेम धरायचं भोक) उंची सरकते आणि लिम्बला बांधलेल्या रेस्टची दोरी नव्याने बांधावी लागते.

बिस्किटात काय बिघडत होतं

बिस्किट वाईट नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. बाण चारही बाजूंनी ताठ तंतूंमध्ये धरलेला असतो. धनुष्य उलटं धरा, झाडावरच्या मचाणावरून खाली वाका, झुडपातून चाला, बाण पडत नाही. हलणारा भाग एकही नसल्यामुळे बिघडण्यासारखंही फार काही नाही. अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार बहुतेक वेळा २० ते ३० यार्डांवरून होते आणि तिथे साधारण २० सेंटिमीटरच्या मर्मस्थानावर बाण बसला की काम झालं. त्या कामासाठी हा रेस्ट योग्यच आहे.

खेळाडूचा प्रश्नही तोच होता. "सर, याच्यात बाण पडतच नाही नं, मग काढायचं काऊन?"

प्रशिक्षकांनी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. बाणाचा वेग सेकंदाला ८० मीटर धरा. ५० मीटर जायला ०.६२५ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बाण गुरुत्वाकर्षणाने सुमारे १९१ सेंटिमीटर खाली येतो. एखाद्या बाणाचा वेग १ टक्क्याने कमी झाला, तर ही घसरण २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे बाण जवळजवळ ४ सेंटिमीटर खाली लागतो. लक्ष्याच्या ८० सेंटिमीटरच्या चेहऱ्यावर दहाचं वलय ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं, त्याची त्रिज्या बरोबर ४. एक टक्क्याच्या फरकात मध्यावरचा बाण दहाच्या रेषेवर जातो. हाच हिशेब २० मीटरवर केला तर फरक फक्त ६ मिलिमीटर येतो. शिकाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही, आणि ५० मीटरवर तो लपवता येत नाही.

बिस्किटातून जाताना तिन्ही पंख तंतूंना घासतात. घर्षण दर वेळी सारखंच राहिलं असतं तर त्रास नव्हता, साइट तेवढी खाली-वर केली की झालं असतं. पण पंखाची कड एकदा चुरगळली की पुढच्या वेळी ते वेगळं घासतं. तंतू झिजले की बाण थोडा खाली बसतो. धूळ साचली की पकड बदलते. या धनुष्याच्या बिस्किटात खालच्या बाजूचे ताठ तंतू मधोमध दबून खोबण पडली होती, आणि बाणांच्या चार इंची मऊ पंखांच्या मागच्या कडांना लाटा आल्या होत्या.

हा केवळ अंदाज राहू नये म्हणून कागद-चाचणी केली. लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून लावलं, त्याच्या मागे दोन मीटरवर बट ठेवला आणि सुमारे सात फुटांवरून कागद छेदून बाण मारले. आधी पंख नसलेला शाफ्ट, मग पंखांचा, आलटून पालटून. उघड्या शाफ्टने कागदाला पडलेल्या फाटा लहान आणि एकमेकींसारख्या आल्या. पंखांच्या बाणांच्या फाटा दर वेळी वेगळ्या: एकदा शेपूट (बाणाच्या मागच्या टोकाची फाट) वर, एकदा डावीकडे, एकदा तिरपी. निदानाच्या दृष्टीने हा धागा फार मोलाचा आहे. उघडा शाफ्ट आणि पंखांचा बाण दोन्ही एकाच दिशेला फाडत असतील, तर दोष रेस्टच्या जागेचा किंवा स्पाइनचा असतो. उघडा शाफ्ट नीट जातो आणि पंखांचा भरकटतो, तेव्हा पंख कुठेतरी घासताहेत.

स्वस्तातला उपाय आधी करून पाहिला. चार इंची पंख खरवडून दोन इंची ताठ पंख लावले. बिस्किट वापरणाऱ्या कोणीही निदान एवढं करावंच. ३० मीटरवर बाणांचा गट लगेच आवळला. पण खेळाडूला ५० मीटरसाठी बारीक शाफ्ट घ्यायचे होते आणि इथे बिस्किट अडलं. बिस्किटाचं भोक शाफ्टच्या जाडीप्रमाणे घ्यावं लागतं. साडेसात मिलिमीटरच्या भोकात साडेपाच मिलिमीटरचा शाफ्ट ठेवला तर तो खाली बसतो आणि डावी-उजवीकडे खेळतो. लहान भोकाचं बिस्किट मिळतं, पण पंख घासण्याचा प्रश्न त्यातही उरतोच. बारीक शाफ्ट कशाला, असं कोणी विचारेल. नियम ९.३ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण उघड्या मैदानावर आडव्या वाऱ्यात जाड बाण जास्त ढकलला जातो. नागपुरात एप्रिलपासून दुपारी वारा सुटतो, त्यामुळे हा मुद्दा इथे कागदोपत्री राहत नाही.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय ब्लेडचा. स्प्रिंग स्टीलची एक अरुंद पट्टी, तिच्या टोकाच्या खाचेत बाण टेकतो. हलणारा भाग नाही, दोरी नाही, टायमिंग नाही. पट्टी ०.००८, ०.०१० किंवा ०.०१२ इंच जाडीची मिळते, म्हणजे साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर. हलक्या बाणाला पातळ, जड बाणाला जाड. टार्गेट कंपाउंडवर वरच्या पातळीचे अनेक तिरंदाज हाच रेस्ट वापरतात. तो हातातल्या प्रत्येक गडबडीचा हिशेब मागतो, पण हात स्थिर असेल तर दर वेळी तेच करतो. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले, तेव्हापासून इथल्या पोरांना थेट त्या पातळीचं साहित्य हवं असतं. ती ओढ समजण्यासारखी आहे. पण तसं साहित्य लांब, स्थिर टार्गेट धनुष्यावर आणि पक्क्या झालेल्या हातात शोभतं.

इथे ब्लेड नाकारण्याची कारणं अशी. धनुष्य फक्त ३१ इंचांचं. लहान धनुष्य मुठीच्या थोड्याशा पिळानेही फिरतं आणि ओढताना बाण खाचेतून सहज घसरतो. रिलीज नवा असल्यामुळे हा खेळाडू वारंवार अर्ध्यातून ड्रॉ सोडत होता, आणि तेव्हाही बाण पडतो. स्पर्धेत पडलेला बाण शूटिंग लाइन आणि तिच्यापुढची तीन मीटरची रेषा यांच्यामध्ये राहिला तर तो सोडलेला धरत नाहीत, पण लय तुटते ती तुटतेच. तिसरं कारण साधं आहे. धनुष्य रोज दुचाकीवर, पाठीवरच्या मऊ बॅगेतून येतं-जातं. ०.२५ मिलिमीटरची पट्टी त्यात कधी वाकेल याची खात्री नाही, आणि थोडीशी वाकलेली पट्टी डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा पर्याय ड्रॉप-अवे. बाण सुटताना त्याचा आधार खाली पडतो आणि पंख मोकळे निघून जातात. यात दोन जाती आहेत आणि निवडीचा खरा प्रश्न त्यांच्यात होता. केबलवर (टोकांच्या चाकांना जोडलेली जाड दोरी) चालणाऱ्या रेस्टमध्ये स्प्रिंग आधाराला खाली ओढते. ड्रॉ घेताना खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली दोरी त्याला वर उचलते. लिम्बवर चालणाऱ्यात याच्या उलट असतं. स्प्रिंग आधाराला वर ढकलते आणि धनुष्य सैल असताना लिम्बला बांधलेली दोरी त्याला खाली दाबून ठेवते. ड्रॉ घेतला की लिम्ब वाकतो, दोरी ढिली पडते, आधार वर येतो. बाण सोडला की लिम्ब परत जातो आणि दोरी आधाराला खटकन खाली ओढते.

फरक कळतो तो बिघाड झाल्यावर. केबलच्या जातीत दोरी तुटली तर आधार वर येतच नाही आणि त्या दिवसाचं काम थांबतं. लिम्बच्या जातीत दोरी तुटली तर आधार वरच राहतो. रेस्ट स्थिर आधारासारखा वागतो, पंख थोडे घासतात, पण फेरी पूर्ण करता येते. शिवाय लिम्बवरच्या दोरीला केबलचा संबंध नाही. केबलच्या धाग्यांमधून दोरी ओवायची असेल तर बो-प्रेस (लिम्ब दाबून केबल सैल करणारं यंत्र) लागतो. क्लॅम्पने भागवता येतं, पण क्लॅम्प सरकतो आणि ते लवकर लक्षात येत नाही. स्वतःचा बो-प्रेस नसलेल्या माणसाने लिम्बची जात घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. इथेही तीच निवडली.

ड्रॉ घेताच कुलूप लागून वरच राहणारे, बाण पूर्ण वेढणारे ड्रॉप-अवेही येतात. शिकाऱ्यांना ते आवडतात, कारण ड्रॉ हळूच सोडला तरी आधार खाली येत नाही. लाइनवर उभं राहून सराव करणाऱ्याला त्या जास्तीच्या यंत्रणेची गरज नाही.

बसवण्याचं काम

रेस्ट मागवण्याआधी रायझरची, म्हणजे धनुष्याच्या मधल्या ताठ भागाची, मागची बाजू पाहून घ्यायची. नव्या धनुष्यांवर तिथे रेस्टसाठी घसरखाच कोरलेली असते आणि काही रेस्ट फक्त त्या खाचेतच बसतात. या धनुष्याला खाच नव्हती, रायझरच्या बाजूला नेहमीची दोन भोकं होती, त्यांना बर्गर होल म्हणतात. खाचेचा रेस्ट मागवला असता तर तो परत पाठवण्यातच महिना गेला असता. उजव्या-डाव्या हाताचा फरकही मागवतानाच पाहावा लागतो.

मग बोल्टचा घोळ झाला. रेस्टसोबत आलेला बोल्ट आखूड पडला. खेळाडूने इतवारीतल्या लोहा ओळीतून 'अडीच सुती' बोल्ट आणला. माप बरोबर होतं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. पण दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या अडीच सुती बोल्टला इंचात १८ आटे असतात, आणि बर्गर होलला २४ लागतात. दोन फेरे गेल्यावर बोल्ट अडला. त्याने पाना लावायच्या आत तो थांबवला गेला, नाहीतर ॲल्युमिनियमच्या रायझरमधले आटे सोलले गेले असते आणि ते पुन्हा पाडणं सोपं नाही. दुसऱ्या दुकानात आठ मिलिमीटरचा, म्हणजे एम-८ चा बोल्ट 'हाच बसेल' म्हणून पुढे करण्यात आला. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. पण एम-८ च्या आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर आणि इथे हवं असतं १.०६. तोही आटे खातो. दुकानात 'अडीच सूत, बारीक आटा, इंचाला २४' असं स्पष्ट सांगायचं, आणि जमल्यास पिच गेज लावून पाहायचं. चांगला बारीक आट्याचा बोल्ट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत जातो. तसा जात नसेल तर तो चुकीचा आहे.

लांबीचंही भान हवं. बोल्ट बाहेरून शिरतो आणि फार लांब असेल तर रायझरच्या आतल्या बाजूने, बाण जातो तिथेच डोकं काढतो. पंख त्याला थडकतात आणि माणूस रेस्टला दोष देत बसतो. आतून एक-दोन आटे रिकामे राहतील इतकाच बोल्ट घ्यावा. निळा थ्रेड लॉकर एक थेंब लावावा, लाल लावू नये. लाल लावलेला बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही.

नंतर मापं. धनुष्य शिकंज्यात उभं धरून बाण प्रत्यंचेवर चढवला. बाणाचा मध्य बर्गर होलच्या मध्यावरून जाईल अशी रेस्टची उंची ठेवली आणि बो-स्क्वेअरने (काटकोनी मोजपट्टी) नॉकिंग पॉइंट, म्हणजे प्रत्यंचेवर बाण बसण्याची जागा, समपातळीपेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर वर ठेवला. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, म्हणजे सेंटर शॉट, सुरुवातीला १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिलिमीटर. बऱ्याच कंपाउंडना हे माप चालतं, तरी पुस्तिकेतलं माप असेल तर तेच घ्यावं. पुढे-मागे सरकवताना रेस्टचा आधार मुठीच्या खळगीच्या जितका जवळ, तितका मुठीचा पिळ बाणाला कमी लागतो. मागे न्यायचा झालाच तर नियमाची मर्यादा सहा सेंटिमीटरची आहे. बाणाचं टोक मात्र पूर्ण ड्रॉमध्ये आधाराच्या पुढे निदान एक इंच राहिलंच पाहिजे. आखूड बाण आधारामागे पडला तर तो हातात घुसतो.

आता दोरी. हेच काम सर्वांत नाजूक आहे. खालच्या स्प्लिट लिम्बच्या फटीतून दोरीचा फास घेतला. चिकटपट्टीने बसणारा क्लॅम्प मुद्दाम टाळला, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गोंद मऊ पडतो. धनुष्य सैल असताना आधार पूर्ण खाली बसलेला हवा आणि दोरी ताठ हवी, पण स्प्रिंगला शेवटपर्यंत ताणून लिम्बवर ओढ ठेवणारी नको. मग खेळाडूने सावकाश ड्रॉ घेतला, बाण लावून आणि बटकडे तोंड करून. बाणाशिवाय हे कधीही करू नये, हात सुटला तर कोरा फटका लिम्ब फोडू शकतो. दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाहिलं. अँकरला पोहोचायच्या बऱ्याच आधी आधार पूर्ण वर आलेला दिसला पाहिजे आणि पूर्ण ड्रॉला दोरीला स्पष्ट झोळ पडलेला दिसला पाहिजे. झोळ दिसत नसेल तर आधार अर्धवटच वर येतोय.

गाठ मारल्यावर दोरीचं टोक लायटरने वितळवून बोंड केलं, आणि दोरी रेस्टमध्ये शिरते तिथे दोरी व धातू या दोन्हींवरून जाणारी नेलपॉलिशची एक पांढरी रेघ ओढली. हे दोन मिनिटांचं काम आहे. पुढे ते कामी आलं.

जुळवणी आणि निकाल

नवे बाण ४०० स्पाइनचे, दोन इंची कमी उंचीचे पंख, एकूण वजन ३६५ ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप). ड्रॉ वेटच्या दर पाउंडाला निदान ५ ग्रेन हा साधारण पाळला जाणारा नियम. ५८.४ पाउंडांना २९२ ग्रेन होतात, म्हणजे बाण सुरक्षित बाजूला होता. एक पंख सरळ वर, उरलेले दोन खाली डावी-उजवीकडे. आधार त्या दोघांमधून खाली पडतो.

पहिल्या कागदावर शेपटीची फाट डावीकडे आणि किंचित वर आली. दोन्ही एकदम सुधारायला जायचं नाही. आधी उभी फाट. शेपूट वर असेल तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली किंवा रेस्ट थोडा वर. इथे रेस्ट अर्धा मिलिमीटर वर नेल्यावर उभी फाट गेली. मग आडवी. उजव्या हाताच्या, रिलीज वापरणाऱ्या तिरंदाजाची फाट डावीकडे असेल तर रेस्ट उजवीकडे, रायझरच्या दिशेने. एका वेळी १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर, आणि प्रत्येक बदलानंतर तीन बाण. दुसऱ्या सरकवण्यात कागदावर गोल भोक आणि पंखांच्या तीन चिरा एवढंच उरलं. पंखांवर पायाची पावडर फवारून मारलेल्या बाणांवरची पावडर अखंड राहिली. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओही पाहिला. मोबाइल शूटिंग लाइनच्या मागे, बाजूला ठेवायचा. पुढे ठेवण्याचा मोह टाळायचा.

५० मीटरवर बदल दिसला तो उभ्या दिशेत. बाण आधी वर-खाली सहाच्या वलयापर्यंत जात होते, ते आठच्या आत राहू लागले. आडवा पसारा मात्र जवळजवळ तसाच राहिला. खेळाडू हिरमुसला, पण निदान नेमकं असल्याची खूण यातच होती. असमान घर्षणाने वेग बदलतो आणि वेगातला फरक उभा दिसतो. आडवा पसारा मुठीचा पिळ, लहान धनुष्य आणि वारा यांचा असतो. कोणताही रेस्ट तो काढू शकत नाही. त्यासाठी पकड बदलण्याचा सराव वेगळा लावला: अंगठ्याच्या मुळाशी दाब, बोटं सैल, बाण लागेपर्यंत धनुष्य पकडायचं नाही.

उन्हाळ्यात पुन्हा उभा पसारा

एप्रिलच्या शेवटी वर-खालीपणा परत आला. कागदावर शेपूट स्पष्ट वर, खालच्या दोन पंखांवरची पावडर पुसलेली. आधार खाली पडत होता, पण पूर्ण नाही. नेलपॉलिशच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात दोन मिलिमीटरचं अंतर पडलं होतं. दोरी तेवढी सरकली होती. धनुष्य दुपारभर बंद गाडीच्या डिकीत राहिलं होतं. अशा उष्णतेत दोरीची पकड तर सुटतेच, स्ट्रिंग आणि केबलही लांबतात. त्यामुळे फक्त रेस्ट जुळवून थांबता येत नाही. ड्रॉ वेट पुन्हा तोललं, पीपची उंची पाहिली, दोन्ही कॅम (टोकांची चाकं) एकाच वेळी अडतात का ते तपासलं. ते सगळं ठीक होतं. दोरी नवीन घातली, रेघ पुन्हा ओढली.

तेव्हापासून रोज पहिला बाण मारण्याआधी तो तीन गोष्टी पाहतो: पांढरी रेघ सलग आहे का, आधार धुळीत न अडकता पूर्ण खाली बसलेला आहे का, आणि दोरी लिम्बच्या कडेला घासून पिंजली आहे का. धुळीसाठी तेल लावायचं नाही. तेलावर धूळ चिकटून बेअरिंगमध्ये चिखल होतो. कोरडा ब्रश पुरतो, फार तर सुकणारं कोरडं वंगण. पिंजलेली दोरी तुटायची वाट न पाहता बदलायची, आणि एकाच मापाचे दोन तयार तुकडे टोकं वितळवून बॅगेत ठेवायचे. पावसाळ्यात सरावानंतर ओलं धनुष्य बॅगेत न घालता पंख्याखाली सुकवायचं, नाहीतर स्प्रिंग गंजते आणि आधार आळसावल्यासारखा वर येतो.

जुनं बिस्किट फेकलं नाही. ते आणि जुने जाड शाफ्ट आता मैदानावर नव्याने कंपाउंड धरणाऱ्या मुलांना १८ मीटरवर देतात. ड्रॉ अर्ध्यातून सोडायला शिकताना बाण पडत नाही, ही तिथे खरोखर मोठी सोय आहे. खेळाडू पुढच्या हंगामात ३८ इंचांच्या टार्गेट धनुष्याचा विचार करतो आहे. त्यावर हाच रेस्ट चालेल, फक्त लिम्बपर्यंतचं अंतर वाढल्याने दोरी लांब लागेल आणि सेंटर शॉटपासून सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतील. पकड पक्की झाली असेल तर ब्लेडचा प्रश्न तेव्हा पुन्हा काढायचा, असं प्रशिक्षकांनी त्याला सांगून ठेवलं आहे.